सव्वादोन लाख, गोधडी आणि डोंबिवलीचा बँड

तू काय विचारलंयस ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाला उत्तर देत बसलो नाही ना, हे तुला कळेल. तुम्ही चौघं डोंबिवलीचे. तीन वर्षांत अकरा गाणी, बहुतेक मराठी, सगळी तुझ्या घरच्या आतल्या खोलीत दोन इनपुटांच्या इंटरफेसवर (माईक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी) रेकॉर्ड केलेली. आवाज खरखरीत, मागे कुठेतरी पंखा, आणि तुम्हाला तो तसाच आवडतो. आता अंधेरीतला एक गृहस्थ म्हणतोय की हे सगळे डेमो झाले, नीट स्टुडिओत करू. सव्वादोन लाख तुम्ही घालायचे आणि गाणी त्याच्या लेबलखाली येणार. त्यातच तुमचा ड्रमर दिवाळीनंतर नोकरीसाठी पुण्याला चाललाय. मग लो-फाय राहून, म्हणजे असा घरगुती, खरखरीत आवाज ठेवून, करिअर होतं का, की पैसे घालून, नोकरी सोडून वर्षभर जोर लावावा? तू माझ्या भाच्याच्या वयाचा दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

माझी जागाही सांगून ठेवतो. वीसेक वर्षं बेस वाजवला, तीन बँडमध्ये. तिन्हींची नावं तू ऐकलेली नसशील. पोट भरलं ते साऊंड करून: लग्नाचे ऑर्केस्ट्रा, कॉर्पोरेट कार्यक्रम, कॉलेजांचे फेस्टिव्हल. गोरेगावात एक छोटी खोली आहे, तिथे इतरांचे अल्बम मिक्स करतो, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकमेकांत नीट बसवतो. तेव्हा मी सांगतोय ते टिकून राहिलेल्या माणसाचं आहे, गाजलेल्या माणसाचं नाही. तेवढी सूट धरून वाच.

तुझ्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गाणी कशी ऐकू यावीत हा एक. चौघांचं पोट कशावर चालावं हा दुसरा. आणि तिसरा, जो तू विचारला नाहीस पण सगळ्या मजकुराखाली दिसतो: ड्रमर गेला तर आपण बँड राहू का? अंधेरीचा गृहस्थ पहिल्या प्रश्नाचं उत्तर विकतोय आणि तू ते तिसऱ्या प्रश्नासाठी विकत घ्यायला निघालायस. सव्वादोन लाख एकदा अडकले की कुणी सोडून जाणार नाही, असं मनात कुठेतरी आहे ना? आमच्याही होतं.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत. तुमची दोनच गाणी मी ऐकली आहेत. चौघांपैकी कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे मला माहीत नाही. तू आईवडिलांच्या घरात राहतोस की भाड्याच्या, यावर तर अर्धं उत्तर बदलतं. मुंबईच्या स्वतंत्र संगीताचा सगळ्यात मोठा प्रायोजक कुठली बिअर कंपनी नाही, आईवडिलांचं घर आहे. ते ज्याला आहे त्याने नोकरी सोडायची भाषा करणं वेगळं आणि ज्याला दर महिन्याला भाडं भरायचंय त्याने करणं वेगळं.

आता लो-फायबद्दल. हा शब्द हल्ली अभ्यास करताना लावायच्या संथ बीट्सना चिकटलाय, तो विषय सोड. रॉकमधला लो-फाय मशीनमधून आला. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे, रेकॉर्ड करणारा. कॅसेटच्या दोन्ही बाजूंची जागा तो एकाच दिशेने वापरायचा आणि टेप दुप्पट वेगाने फिरवायचा, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंधराच मिनिटं मावायची. चारच ट्रॅक. पाचवं काही हवं असेल तर आधीचे तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून त्यांवर नवीन वाजवायचं. एकदा उतरवलं की मागे फिरता येत नाही. बेस मोठा झाला तर झाला. सरसर आवाज दर वेळी वाढत जायचा तो वेगळाच. ज्याला आज आपण लो-फायचा बाज म्हणतो तो मुळात परत न फिरवता येणाऱ्या निर्णयांचा आवाज आहे. तुझ्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडता येतात, म्हणून खरखर नंतर प्लगइनने, म्हणजे सॉफ्टवेअरने, चोपडली जाते आणि ती ऐकणाऱ्याला कळते. तुमच्या दोन गाण्यांत तसं नाही. तिथे खरखर खोलीतून आलेली आहे, म्हणून तर मी इतकं लिहितोय.

१९८२ चं अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘नेब्रास्का’ तुझ्या त्या गृहस्थाला जरूर सांग. न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, अशाच पोर्टास्टुडिओवर, बँडला शिकवण्यासाठी केलेले डेमो होते ते. मग स्टुडिओत पूर्ण बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली, जमली नाहीत, आणि शेवटी खिशात फिरलेल्या त्या कॅसेटवरूनच अल्बम निघाला. पण यातून ‘कॅसेटवर करा, नशीब उघडेल’ असा अर्थ काढू नकोस. स्प्रिंगस्टीन तेव्हा आधीच मोठा होता, त्याच्या कॅसेटची वाट बघणारी कंपनी होती.

तुमच्या जवळचं उदाहरण अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावच्या गाइडेड बाय व्हॉइसेस या बँडचं. त्यांचा गायक रॉबर्ट पोलार्ड प्राथमिक शाळेत मास्तर. चौदाएक वर्षं मुलांना शिकवलं आणि उरलेल्या वेळात मित्रांना जमवून तळघरात गाणी केली. ‘बी थाउजंड’ १९९४ ला आला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि त्याआधीचे सहा अल्बम गावाबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते. त्या सहा अल्बमांचे पैसे कुठून आले? बहुतेक पगारातून, पदरमोड करून. सातव्याला लोकांनी कान दिला तेव्हा त्याच्याकडे ढीगभर गाणी आणि लिहिण्याचा सराव तयार होता, आणि मग त्याने शाळा सोडली. पुढे १९९९ साली त्यांनी मोठा निर्माता घेऊन चकचकीत अल्बम केला, त्यावर जुने चाहते अजून कुरकुरतात. चकचकीत करणं पाप नाही, पण त्यांनी ते केलं तेव्हा पैसे दुसऱ्या कुणाचे होते.

आमचं उलट झालं. २००९ मध्ये आम्ही एक लाख चाळीस हजार घातले. आमच्या ड्रमरने मुदत ठेव मोडली, मी स्वतःचा अँप विकला. स्टुडिओ उत्तम होता, माणसं सभ्य होती, कुणी फसवलं नाही. फक्त पहिल्या दिवशी कानात क्लिक दिला, म्हणजे ठरलेल्या वेगाची टिकटिक. आमचा ड्रमर ध्रुवपदाला जरा पुढे पळायचा, दर वेळी, आणि त्या पळण्यावर सगळं गाणं उभं होतं. क्लिकवर तो पळेना. जिथे थोडा पळाला तिथे नंतर कापून सरळ केला. महिनाभराने हातात आलेलं ऐकलं तेव्हा चौघांपैकी कुणीच बोललं नाही. इतकं नीटनेटकं होतं की नावं ठेवायलाही जागा नाही. पाचशे सीडी छापल्या, दोनशे कशाबशा गेल्या, बाकीच्या माझ्या माळ्यावर तीन पावसाळ्यांत बुरशीने खाल्ल्या. आणि पैसे संपल्यामुळे त्यानंतर आठ महिने आम्ही कुठे वाजवायलाच जाऊ शकलो नाही. ड्रमर त्याच सुमाराला गेला. भांडण वगैरे नाही, ठेव मोडल्याचं घरी कळलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे.

म्हणून माझं मत सरळ आहे: सव्वादोन लाख घालू नका. पण ‘आहे तसंच चालू द्या’ असंही नाही. तुमच्या गाण्यांत एक खरी खोट आहे आणि तिला पैसे जवळपास लागत नाहीत.

शब्द कळत नाहीत. इंग्रजीत लो-फाय गाणारे शब्द गिळतात आणि ते चालून जातं, आपल्यालाही चालतं, कारण आपण ते तसंही अर्धंच समजून ऐकत मोठे झालो. मराठी ऐकणारा वेगळ्या सवयीचा आहे. त्याचा कान भावगीतांवर, नाट्यगीतांवर तयार झालाय. शब्द निसटला की तो गाण्यातून उठून जातो. आणि आपल्या भाषेचा जीव नेमका त्या जागी आहे जिथे खरखर घाव घालते. ‘ख’ आणि ‘क’ मधला फरक म्हणजे एक श्वास, आणि श्वास म्हणजे बारीक वरचा आवाज. टेप किंवा स्वस्त माईक आधी तोच खातो. ‘वाट’ आणि ‘वात’, ‘मन’ आणि ‘मण’ गोंगाटात एकच होतात. तुझ्या दुसऱ्या गाण्यात मी दोनदा ‘कोल’ ऐकलं, तिसऱ्यांदा कळलं की ते ‘खोल’ आहे. गिटार हवी तेवढी घाण ठेव, ड्रम डब्यासारखे वाजू देत, पण गळा एकटाच स्वच्छ ठेव. साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात गिटार थोडी खाली घे, तिथे व्यंजनं बसतात. गळ्यावर दुहेरी टेक चढवायची, म्हणजे तेच दोनदा गाऊन एकावर एक ठेवायची, तुला सवय दिसते. ती तू लाजेपोटी करतोयस असं मला वाटतं. एका टेकवर राहून बघ. पडताळा सोपा आहे. आई स्वयंपाकघरात काम करत असताना फोनच्या स्पीकरवर गाणं लाव आणि नंतर विचार, काय म्हटलं होतं? तिने गोष्ट सांगितली तर मिक्स झालं.

घरच्या रेकॉर्डिंगचं थोडं. गिटारखाली जी हम्म ऐकू येते ती बहुतेक चार्जरमधून येतेय. टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालव आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद कर, निम्मी जाईल. जुन्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला एकदा प्लग पॉइंट तपासायला सांग. त्यात तुझ्या जिवाचाही प्रश्न आहे. माईकच्या मागे भिंतीवर स्पंजचे महागडे चौकोन लावू नका, गायकाच्या पाठीमागे आजीची गोधडी दोरीवर टाका. जाड कापसाची असेल तर उत्तम. पावसाळ्यात महत्त्वाचे टेक घेऊ नका: तारा गंजतात, दमट हवेत गिटारची मान हलते, सूर तासाभरात उतरतो, आणि खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला की ड्रमरची गरजच उरत नाही. (तसा पाऊस मुद्दाम एका गाण्यात ठेवलात तर मी तक्रार करणार नाही.) मध्यरात्री दीडनंतर लोकल थांबतात आणि पहाटे पुन्हा सुरू होतात, त्या मधल्या वेळात मुंबईतले बरेच हळू गाणारे अल्बम झाले असावेत.

प्रत्यक्ष वाजवण्याचं गणित मात्र या शहराने कठीण केलंय. मी कॉलेजात असताना धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव बघायला जायचो, उघड्यावर, हजारो पोरं. बाजूला कॉलेज आणि हॉस्पिटल. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल, शाळा आणि न्यायालयांभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि तिथलं रॉक संपलं. नियम योग्य आहे, पण पर्यायी जागा कुणी दिली नाही. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ ला ब्लू फ्रॉग हे बँड वाजवायचं ठिकाण उघडलं, २०१६ ला बंद झालं. जागा येतात आणि भाड्यापोटी जातात. एखाद्या जागेवर बँडचं भवितव्य टांगू नका. बहुतेक ठिकाणी तुम्हाला दारावरच्या तिकिटांतला वाटा मिळेल, मानधन नाही, आणि कार्यक्रम रात्री साडेनऊला सुरू होऊन तुमची शेवटची कल्याण लोकल धोक्यात येईल. चौघांची टॅक्सी केली की कमाई संपली. म्हणून झांजा, स्नेअर ड्रम आणि गिटार एवढंच उचला, बाकी तिथलं वापरा, आणि सगळ्यांच्या आधी वाजवायची वेळ मागा. नव्या पोरांना शेवटी वाजवायचा मान हवा असतो. मान घ्या आणि स्टेशनवर झोपा, असं आम्ही त्याला म्हणायचो.

ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये वाचनालयांचे, मंडळांचे छोटे हॉल असतात. तिथे संध्याकाळी सहा वाजता साठ खुर्च्या, कमी आवाज, मराठी गाणी, तिकीट शंभर रुपये, असं करून बघितलंत का? तुमचा श्रोता कदाचित खारच्या बारमध्ये नसेलच. कमी आवाजात वाजवता येणं हे लो-फाय बँडचं मोठं भांडवल आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. कॉलेजचे फेस्टिव्हल किंवा कंपन्या मानधन देतात तेव्हा बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात. तुमचं एकूण उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. आम्ही सहा वर्षं भरलं नाही, कारण ‘आपण कुठे एवढे कमावतो’.

स्ट्रीमिंगवर पोट भरेल असं समजू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मोजले जात नाहीत. तुमची अकरा गाणी प्रत्येकी सहाशे वेळा वाजली तर हिशेब शून्य. बँडकॅम्प या गाणी विकायच्या साइटवर थेट विकलं तर ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ठेवतात, बाकी तुमचे. वीस माणसांनी दोनशे रुपयांना घेतलं तर चौतीसशे हातात येतात, देवाणघेवाणीचं शुल्क गेलं तरी एका रविवारची तालीम निघते. आणि गाणी लिहिणाऱ्याने आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. पैसा उशिरा येतो, पण गाणं कुणी सार्वजनिक ठिकाणी वाजवलं तर मागायला दार असतं.

करार सही करण्याआधी मला दाखव किंवा वकिलाला दाखव, पण एवढं स्वतः वाच. आपल्या कायद्यात हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच अशा कागदांवर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द हमखास असतात, ते खोडायला सांगायचे. रेकॉर्डिंगचा मालक कायद्याने तो, जो ते घडवून आणायला पुढाकार घेतो आणि जबाबदारी उचलतो. सव्वादोन लाख तुम्ही घालणार, वाजवणार तुम्ही, मग मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, त्याच्या नावावर कशासाठी? लेबल पैसे घालतं, म्हणून ते लेबल. तुमच्याकडून पैसे घेतो तो स्टुडिओ झाला, आणि स्टुडिओला गाण्यांवर हक्क लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा हक्क करार करूनही जात नाही, तेव्हा ‘सगळे हक्क आमचे’ वाचून तिथेच खचू नकोस. आणि चौघांनी आपापसात एका कागदावर लिहा की कुठलं गाणं कुणाचं. हे काम चहाच्या टपरीवर होतं, भांडण झाल्यावर होत नाही.

आता नोकरी. सोडू नकोस, निदान या वर्षी. हिशेब बघ. जॅमरूमला, म्हणजे भाड्याच्या तालमीच्या खोलीला, तासाला पाचशे धरू, दर रविवारी चार तास, महिन्याचे आठ हजार, माणशी दोन. त्यावर प्रत्येकाने दीड हजार बँडच्या खात्यात टाकले तर वर्षाला बहात्तर हजार जमतात. सव्वादोन लाख म्हणजे अशी तीन वर्षं, एका झटक्यात, एका अल्बमवर. त्याऐवजी पहिल्या वर्षाच्या पैशांतून एक चांगला डायनॅमिक माईक, बाहेरच्या कुणा माणसाकडून पाच गाण्यांचं मिक्स आणि मास्टरिंग (शेवटचा हात), आणि पुणे-कोल्हापूरची एक फेरी. बाहेरचा माणूस यासाठी, की तुमचे कान आता त्या गाण्यांना सरावलेत, तुम्हाला ‘खोल’ खोलच ऐकू येतं. मीच करायला हवं असं नाही.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: आवाज बदलू नका, शब्द मोकळे करा, पैसे एकदम घालू नका, दर महिन्याला घाला, कागद तुमच्या बाजूचा नसेल तर सही नाही.

राहिला ड्रमर. पुणे म्हणजे परदेश नाही, महिन्यातून एक शनिवार तो येऊ शकेल, पण तो येईलच असं धरून चालू नका. दिवाळीपर्यंत किती रविवार आहेत ते मोज. त्यातले दोन जॅमरूममध्ये फक्त त्याच्यासाठी ठेवा. तुमच्या इंटरफेसला दोनच इनपुट आहेत: एक माईक किटच्या वर, त्याच्या डोक्यामागे साधारण हातभर उंच, दुसरा बेस ड्रमसमोर. गिटार हेडफोनमधून, क्लिक नको. आमच्यासारखा तुमचाही ड्रमर कुठे पुढे पळत असेल तर ती गाणी आधी घ्या, दमायच्या आत. नवी चार गाणी अर्धवट आहेत म्हणालास, त्यांचेही ताल नुसते वाजवून ठेवायला सांग, शब्द नसले तरी चालतील. गळा आणि गिटार मग थंडीत, घरी, सावकाश.